बर्फाची आणेवारी

आषाढ-श्रावणाच्या संधीस, पावसाने चार दिवस सूर्य दिसू दिला नाही म्हणजे, कोल्हापुरात रस्त्यात भेटलेली दोन माणसे क्षेमकुशलाच्या आधी एकमेकांस एकच प्रश्न विचारतात : "पाणी किती झालं?" हे पाणी पंचगंगेचे, आणि 'किती' म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हे सांगावे लागत नाही. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हे दोन आकडे, ज्याने तो बंधारा आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही अशा पानपट्टीवाल्यासही मुखोद्गत असतात. आणि पाणी एका फुटाने चढले की कोणत्या गल्लीत सामान माळ्यावर चढते, याचाही हिशेब नदीकाठच्या घराघरांत तयार असतो. पाण्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाची पाण्याशी जी ओळख असते, ती अखेरीस अशा एखाद्या आकड्यात येऊन बसते.

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर, नेदरलँड्स देशातील फ्रीसलँड नावाच्या सखल प्रांतात, हिवाळ्याचा कडाका पडला म्हणजे असाच एक आकडा लोकांच्या तोंडी खेळू लागतो. तेथे प्रश्न असतो, "बर्फ किती झाला?" आणि अपेक्षित उत्तर असते, पंधरा सेंटीमीटर. हा प्रांत कोल्हापूरकरास वाटतो तितका परका नाही. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही दूधवाल्या गावात शिरावे, तो दहा गोठ्यांपैकी दोन-चारांत तरी काळ्या-पांढऱ्या ठिगळांची, थोराड अंगाची गाय वैरण खात उभी असलेली दिसेल. तिला आपण 'एचएफ' म्हणतो. त्यातील 'एफ' म्हणजे फ्रीजियन, अर्थात फ्रीसलँडची. ज्या शेतकऱ्यांनी त्या गायीचा वंश वाढविला, त्यांच्याच गावांमधून कालवे, नद्या व सरोवरे यांचे एक जाळे गेलेले आहे, आणि ते गोठले म्हणजे पायांना पोलादी पाती बांधून त्यावरून दोनशे किलोमीटर जाण्याचा परिपाठ तेथे आहे. कृत्रिम रिंगणातील स्केटिंग निराळे. येथे रस्ता निसर्ग तयार करतो, त्याची दुरुस्ती निसर्ग करतो, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता तो मोडूनही निसर्गच टाकतो. म्हणून या छंदाचा विचार करावयाचा तर पायांच्या आधी पाण्याचा विचार केला पाहिजे.

कल्पनेखातर असे धरू की, एखाद्या मार्गशीर्षात ध्रुवप्रदेशाची थंडी वाट चुकून रंकाळ्यावर उतरली आहे. पृष्ठभागाचे पाणी प्रथम गार होईल; गार झालेले पाणी जड असल्यामुळे ते तळाकडे जाईल, आणि तळाचे उबदार पाणी वर येईल. ही उलाढाल सारा तलाव ४ अंश सेल्सिअसवर येईपर्यंत चालू राहील. त्या अंशावर मात्र पाण्याचा स्वभाव पालटतो. चार अंशांच्या खाली उतरलेले पाणी जड होण्याऐवजी हलके होऊ लागते, ते वरच राहते, आणि शून्यावर थिजताना तर सुमारे नऊ टक्के फुगून बर्फ होऊन तरंगू लागते. सृष्टीत बहुतेक द्रव गोठताना आकुंचित होऊन तळाशी बसतात. पाण्याने हा शिरस्ता मोडला नसता, तर सरोवरे तळापासून भरीव गोठत वर आली असती आणि बर्फाखाली मासा जगला नसता. उथळ काठ आधी गोठतो आणि खोल मध्यभाग मागाहून, याचे कारणही हेच. खोल पाण्यास चार अंशांवर येण्यास दिवस लागतात. तलावातल्या संध्यामठाच्या दगडांभोवती मात्र बर्फ धरला तरी तो कच्चाच राहील, कारण काळा दगड दिवसा ऊन पितो आणि शेजारच्या बर्फास आतून पोखरतो.

एकदा साय धरली की पुढची वाढ झपाट्याने होईल असे वाटते, परंतु घडते उलट. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते, आणि ती उष्णता आकाशात जाण्यास आता वाट उरते ती खुद्द बर्फातूनच. बर्फ जाड होईल तितकी ती वाट लांबते. ऑस्ट्रियातील पदार्थविज्ञानवेत्ता योझेफ श्टेफान याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवप्रदेशातील प्रवाशांच्या नोंदी तपासून जो नियम बसविला, त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, दुप्पट जाडीस चौपट थंडी लागते आणि तिप्पट जाडीस नऊपट. पहिले पाच सेंटीमीटर जर एका दिवसात धरले, तर तेवढ्याच थंडीत दहास चार दिवस आणि पंधरास नऊ दिवस हवेत. आणि मध्यंतरी हिमवर्षाव झाला तर हाही हिशेब कोसळतो, कारण भुसभुशीत हिम म्हणजे सरोवराने पांघरलेली वाकळच होय. थंडी पाहिजे, पण हिम नको. वारा पाहिजे तो पाणी गोठण्यापूर्वी गारवा देण्यापुरता, पुढे नको. अशा अटींची पूर्तता आठ-पंधरा दिवस सलग व्हावी, हा योग किती दुर्मीळ असेल हे यावरून ध्यानात येईल.

बर्फाची जाडी हा एक भाग झाला. जात हा दुसरा. ही जात ओळखण्याकरिता कोल्हापूर सोडण्याचेही कारण नाही. उन्हाळ्यात खासबागेच्या बाजूला सरबताच्या गाडीपाशी थोडा वेळ उभे राहावे. हातगाडीवरून गोणपाटात गुंडाळलेली, लाकडाच्या भुशाने माखलेली लादी येते. गाडीवाला तीवर तांब्याभर पाणी ओततो, भुसा वाहून जातो, आणि लादीच्या कडा काचेसारख्या नितळ दिसू लागतात, इतक्या की पलीकडच्या गोणपाटाची वीण मोजता यावी. पण गाभ्यात, लांबीच्या दिशेने, कापसाची वात घातल्यासारखा एक पांढरा पट्टा असतो. पाणी कडेकडून गोठत आत सरकते तेव्हा ते आपल्यातील हवा व क्षार पुढे ढकलीत नेते, आणि शेवटी पळून जाण्यास जागा न उरल्यामुळे ते सारे गाभ्यात कोंडले जाते. गाडीवाला लोखंडी टोच्याचा घाव घालतो तो या जातीभेदाची जाण ठेवूनच : नितळ भाग कठीण, टणत्कार करून उभा चिरतो, पांढरा भाग भसकन फुटतो.

सरोवरावरही हेच दोन वर्ण असतात. शांत, निरभ्र थंडीत संथपणे धरलेला बर्फ इतका पारदर्शक असतो की त्यातून खालच्या पाण्याचा काळोख दिसतो. म्हणून त्यास काळा बर्फ म्हणतात, आणि काळा असूनही तोच सर्वांत विश्वासाचा. पडलेले हिम भिजून पुन्हा गोठले म्हणजे पांढरा बर्फ होतो. त्याचे बळ साधारण निम्मे धरावे असा जाणत्यांचा दंडक आहे. वसंताच्या सुरुवातीस तिसरी अवस्था येते. उन्हाने बर्फाच्या स्फटिकांमधील सांधे सुटतात, जाडी वीतभर असूनही तो उभ्या काड्यांच्या जुडीसारखा विस्कटतो, आणि मापपट्टीवर विसंबलेला मनुष्य पाण्यात जातो.

गोठलेल्या सरोवराचा मराठी मुलखाशी संबंध केवळ कल्पनेतलाच होता असे मात्र नाही. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला. चार महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडणारा प्रवास करून त्यातील सुमारे १०० टन शाबूत पोहोचला. पुढे मद्रास व मुंबई येथेही हा माल येऊ लागला आणि त्याच्या साठवणीसाठी बर्फघरे उभी राहिली. हा बर्फ मॅसॅच्युसेट्समधील गोठलेल्या तळ्यांवरून, घोडे जुंपलेल्या नांगरासारख्या यंत्राने चौकटी आखून, करवतीने कापून काढीत, आणि लाकडाच्या भुशात पुरून जहाजात भरीत. मुंबईतील पारशी शेटजींच्या पेल्यात किणकिणणारा तुकडा कोणे एके काळी अशा एखाद्या तळ्याच्या पाठीवर असे, आणि त्याच थंडीत तेथील मुले त्याच्या आसपास स्केट करून गेलेली असत. यंत्राने बर्फ तयार करणारे कारखाने आले आणि हा व्यापार संपला. भुसा मात्र खासबागेच्या लादीपर्यंत टिकून राहिला.

बर्फावरून घसरत जाण्याची युक्ती माणसास फार पुरातन काळी सुचली. स्वीडनमधील मेलारेन सरोवरातील एका बेटावर बिर्का ही व्हायकिंगांची बाजारपेठ होती. तेथील उत्खननात गुरांच्या व घोड्यांच्या पायांच्या हाडांचे, एका बाजूने घासून सपाट केलेले स्केट सापडले आहेत. हाडास धार नसल्यामुळे पायाने रेटा देता येत नसे. अणीदार काठी बर्फात रोवून नावाड्याप्रमाणे स्वतःस पुढे ढकलावे लागे. लोखंडी पाते आले आणि काठी गळाली, कारण धार आडवी टेकवून बर्फासच रेटता येऊ लागले. पाते बर्फावर घसरते तरी का, या प्रश्नाने मात्र विद्वानांस दीर्घकाळ छळले. दाबाने बर्फ वितळतो हे उत्तर शाळेत अनेक वर्षे शिकविले गेले, पण कडक थंडीत माणसाच्या वजनाचा दाब त्यास पुरत नाही. मायकेल फॅरडेने १८५० च्या सुमारास सुचविल्याप्रमाणे बर्फाच्या पृष्ठावरील थर मुळातच अर्धवट द्रवासारखा सैल असतो, आणि १९३९ साली बाउडन व ह्यूज यांनी दाखविल्याप्रमाणे घर्षणाची ऊब त्यात भर घालते. पाते आपल्यापुरते वंगण स्वतःच तयार करीत जाते, म्हणूनच सराव असलेला मनुष्य वारा पाठीशी असता दिवसात शंभर किलोमीटर सहज तोडतो.

आता फ्रीसलँडकडे परत येऊ. तेथील अकरा नगरांना एका दिवसात भेट देऊन येण्याची चाल जुनीच; १९०९ साली तिला शर्यतीचे रीतसर रूप आले आणि तिच्या व्यवस्थेसाठी संस्था स्थापन झाली. 'एल्फस्टेडन्टॉख्ट', म्हणजे अकरा नगरांची यात्रा, हे तिचे नाव. लेउवार्डन येथून पहाटेच्या अंधारात निघावयाचे, नगरोनगरी आपल्या पत्रिकेवर शिक्का उमटवून घ्यावयाचा, आणि मध्यरात्रीच्या आत सुमारे २०० किलोमीटर पुरे करून तेथेच परत यावयाचे. जकातनाक्यावर परवाना दाखविल्यावाचून पुढे सरकता येत नसे, तसाच हा मामला. एक शिक्का चुकला तरी छोटासा क्रूसाकृती बिल्ला मिळत नाही.

या यात्रेचा कारभार पाहण्यासारखा आहे. साऱ्या मार्गाचे २२ विभाग पाडलेले असून प्रत्येकावर एक विभागप्रमुख नेमलेला असतो. थंडी लागली की हा गृहस्थ आपल्या हद्दीतील बर्फास भोके पाडून जाडी मोजतो आणि वर कळवितो. आपल्याकडे तलाठ्याने शिवारात हिंडून पिकाची आणेवारी ठरवावी, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की पिकाची आणेवारी सरासरीने निघते. बर्फाची सरासरी कोणाच्या कामाची नाही, कारण एकवीस विभागांत वीस सेंटीमीटर आणि बाविसाव्यात आठ असले, तरी माणूस बुडावयाचा तो बाविसाव्यातच. पुलाखाली वा प्रवाहाच्या तोंडाशी बर्फ कच्चा असला, तर दुसरीकडून कापून आणलेला बर्फ तेथे ठिगळासारखा बसवितात. तेही न साधल्यास काठावर गालिचे अंथरतात आणि स्केटकरी पाती न सोडता त्यावरून बदकासारखे चालत पुढच्या बर्फावर उतरतात. सर्व आकडे जुळले म्हणजे संस्थेचा अध्यक्ष फ्रीसी भाषेत 'होणार' अशा अर्थाचे दोन-तीन शब्द उच्चारतो, आणि अवघे राष्ट्र कामधंदा टाकून बर्फाकडे धाव घेते.

१८ जानेवारी १९६३ ची यात्रा तेथील लोकांच्या स्मरणात आपल्याकडील महापुरासारखी कोरलेली आहे. पहाटे पारा शून्याखाली अठरा अंशांपर्यंत उतरलेला, ईशान्येचा बोचरा वारा, आणि वाऱ्याने उडविलेल्या हिमाखाली दडलेल्या भेगा. नऊ हजारांहून अधिक हौशी स्केटकरी निघाले. त्यांतील अवघे ६९ मध्यरात्रीपूर्वी पोहोचले. शर्यतीचा विजेता राइनिर पापिंग यास जवळजवळ अकरा तास लागले. याच १९६३ साली इकडे कोल्हापुरात जिल्हा दूध संघ स्थापन होत होता. हा योगायोग सांगण्याचे कारण असे की पुढे, बावीस वर्षांच्या खंडानंतर, १९८५ साली आणि लगोलग १९८६ साली ही शर्यत जिंकणारा एव्हर्ट फान बेन्थेम हा दूधउत्पादक शेतकरी होता. १९९७ चा विजेता हेंक आंगेनेंट हाही शेतकरीच. तो कोबीच्या कुळातील एक भाजी पिकवी. १९८६ च्या यात्रेत तेथील युवराज विलेम-अलेक्झांडर, जो आज राजा आहे, तो फान बुरेन या नावाने, सर्वसामान्यांच्या रांगेत राहून, दोनशे किलोमीटर पुरे करून आला. बर्फावर जहागीर चालत नाही.

फ्रीसलँडमध्ये विभागप्रमुख असतात. खऱ्या रानवट सरोवरावर प्रत्येकास आपला विभागप्रमुख आपणच व्हावे लागते. ही विद्या स्वीडनमध्ये सर्वाधिक विकसित झाली. स्टॉकहोमची स्केटकऱ्यांची संस्था १९०१ पासूनची आहे, आणि उप्सालाहून स्टॉकहोमकडे मेलारेनच्या जलमार्गाने जाणारी सुमारे ८० किलोमीटरांची शर्यत १९९९ पासून, बर्फाने साथ दिली त्या वर्षी, भरते. तेथील मनुष्य एकटा निघत नाही. त्याच्या स्केटचे पाते लांब, सरळ आणि पुढे किंचित वळलेले असते, म्हणजे लहान भेगेत ते अडकत नाही. हातात लोखंडी अणीची काठी. अनोळखी बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी पुढे घाव घालावयाचा, आणि एका घावात अणी आरपार गेली तर निमूट मागे फिरावयाचे. पाठीवरच्या पिशवीत, पाणी न शिरेल अशा थैलीत, कोरड्या कपड्यांचा पुरा जोड. तो बुडणाऱ्यास तराफ्याचेही काम देतो. फेकण्याची दोरी कमरेशी. आणि गळ्यात, ताईतासारखे, दोन मुठींना बसविलेले दोन खिळे.

हे खिळे कशासाठी, ते बर्फ फुटल्यावर समजते. थंडगार पाण्याच्या स्पर्शाने श्वास कोंडतो, पहिल्या मिनिटात मनुष्य धापा टाकतो, आणि ओल्या बर्फावर उघडे हात टेकले तर ते निसटतात. अशा वेळी ज्या बाजूने आलो त्याच बाजूस तोंड करावयाचे, कारण तेथवरच्या बर्फाने आपले वजन पेललेले होते. दोन्ही खिळे काठावर रोवावयाचे, पाय पोहताना मारतो तसे मारीत अंग आडवे करावयाचे, आणि वर आल्यावर उभे न राहता पोटावर सरपटत दूर जावयाचे. स्वीडिश मंडळी ही तालीम हिवाळ्याच्या आरंभी मुद्दाम पाण्यात पडून करतात.

डोळ्यांपेक्षाही अधिक विश्वास ते कानांवर ठेवतात. पात्याखाली बर्फ लवतो तेव्हा त्यातून नाद उमटतो. जाड बर्फाचा नाद खर्जातला, पातळ बर्फाचा चढा. स्केटकरी पुढे जात असता हा स्वर चढू लागला, तर जाडी उतरू लागली हे तो पाहण्याच्या आधी ऐकतो. देवल क्लबाच्या गाण्याच्या बैठकीत बसून ज्याचा कान तयार झाला आहे, त्या कोल्हापूरकरास ही पारख शिकविण्यास फार वेळ लागणार नाही.

भारतात या विद्येस जागा आहे ती लडाखमध्ये. पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंच, पाणी खारट, तरी हिवाळ्यात ते सबंध गोठते. २० फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच्या बर्फावरून ७५ जण २१ किलोमीटर धावले, आणि सर्वाधिक उंचीवरील गोठलेल्या सरोवराची अर्धमॅरेथॉन म्हणून त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. २०२४ मध्ये लेह येथे झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटपटूंनी पदके आणली. आपल्याकडे चाकांच्या स्केटवर तयार झालेले पाय तेथे पात्यांवर उभे राहिले. झंस्कार नदीच्या 'चादरी'वरून चालून आलेली मराठी माणसेही आता गावोगावी भेटतात. त्यांना एक सांगणे आहे : वाटाड्या "थांबा" म्हणाला की थांबावे. तो त्या बर्फाची आणेवारी जन्मापासून करीत आलेला असतो.

बर्फ न धरल्यास काय करावे, याचेही उत्तर एका डच माणसाने दिले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे पोहला; त्याच ऑलिंपिकमध्ये मार्टेन फान डेर वायडेन याने रक्ताच्या कर्करोगातून उठून खुल्या पाण्यातील दहा किलोमीटरांचे सुवर्णपदक मिळविले. याच फान डेर वायडेनने २०१९ साली, कर्करोगाच्या संशोधनास निधी मिळावा म्हणून, अकरा नगरांचा तोच मार्ग उन्हाळ्यात, तीन दिवसांहून अधिक काळ पोहून पुरा केला. १९०९ पासून ती यात्रा बर्फावरून पंधरा वेळा झाली आहे. विभागप्रमुख आजही नेमलेले असतात, आणि थंडी लागली की भोके पाडून जाडी मोजतात. परंतु ४ जानेवारी १९९७ नंतर बाविसाही विभागांची आणेवारी एकाच वेळी पुरी भरलेली नाही.